बुळबुळीत दगड

शहराच्या नदीवर एकच पूल होता तेव्हाची गोष्ट. पुलाखाली एक काळा दगड होता. त्याच्या अंगावर हिरवट, बुळबुळीत थर असे. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव त्या थरात राहत आणि नाल्यातून येणारी घाण खात.

एकदा धोबी पक्षी त्याच्यावरून घसरला. शेपटी झटकत म्हणाला, "शी! जन्मात कधी अंग घासलंस का रे?"

दगड ओशाळला. पूर आला तेव्हा त्याने विनवलं, "दादा, जाताजाता मला घासून काढ ना." पुराने वाळूने घासून त्याला लख्ख केलं.

"आता कसा शोभतोस!" पक्षी म्हणाला. दगड सुखावला.

पाणी ओसरल्यावर मळ्या जातीची एक मासोळी पिल्लांना घेऊन आली. थर चाटायला पिल्लांनी रोजच्यासारखे दगडाला ओठ लावले.

"आई, इथे काहीच नाही गं."

"दुसरीकडे बघू हं," आई म्हणाली. दगडाला ती एका शब्दानेही बोलली नाही. तेच त्याला लागलं. घाण खाणारं फारसं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पाण्यालाही वास सुटला.

दगडाच्या एका फटीत थोडा थर वाचला होता. दगड म्हणाला, "बाळांनो, चुकलं माझं. पुन्हा पसराल का?"

"आम्ही रागावलोच नव्हतो," फटीतून बारीक आवाज आला. "फक्त वेळ लागेल."

वेळ लागला. मग एका सकाळी पक्षी पुन्हा घसरला. "शी! परत तेच?"

"हळू पाय टाक, बाबा," दगड म्हणाला. "पोरं जेवायला बसलीत."