पडद्यामागचा पंप

नवा एसी बघायला शेजारी यायचे, त्या काळातली ही गोष्ट. साठेकाकूंच्या हॉलमध्ये एसी होता आणि पडद्याआड त्याचं पाणी बाहेर उपसणारा छोटा पंप.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका आंब्याची डाळ खाता खाता म्हणाल्या, "काय गार वाटतंय हो! एसी छानच."

पंप जळफळला. "पाणी मी उपसतो आणि कौतुक तुझं?"

"मग नको उपसूस," एसी म्हणाला. "बघू, कोणाला कळतं."

पंप रुसून थांबला. पाणी तुंबलं, तसा एसीही बंद पडला. बायका पदरानं वारा घेऊ लागल्या. काकूंनी घाईघाईनं मेकॅनिक नझीरभाईंना बोलावलं.

"एसी ठणठणीत आहे, काकू. पंप गेलाय."

पंप मोहरला. आपलं नाव, तेही एवढ्या बायकांसमोर!

"मग फेका तो आणि नवा बसवा," काकू म्हणाल्या.

नझीरभाईंनी स्क्रूड्रायव्हर काढला मात्र, पंप घुर्र करून सुरू झाला. थोड्या वेळानं गार झुळूक आली.

"झाला बाई एसी सुरू!" बायका म्हणाल्या.

पंपाचं नाव कोणी काढलं नाही. पंपाला केवढं हायसं वाटलं.