पाटलाची कोपरं

फार फार वर्षांपूर्वी, गोट्या काचेच्या नव्हत्या, भाजक्या मातीच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. पोरांनो, तुम्ही ऐका. मोठ्यांनी तर ऐकावंच, कारण चूक मोठ्या माणसाची आहे.

एका डोंगराच्या उतारावर दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. दोघींच्या मध्ये एकच डोह. उन्हाळा आला की डोहाचं पाणी घटायचं आणि माणसांची तोंडं सुटायची. डोकी फुटू नयेत म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला दोन्ही वाड्यांनी एकेक खेळणारा पाठवायचा आणि डोहाकाठी गोट्यांचा डाव मांडायचा. जिंकेल त्या वाडीची गुरं सकाळी पाणी पितील, हरेल तिची दुपारी. सकाळचं पाणी निवळ, दुपारचं गढूळ. पण पाणी दोघांनाही.

डाव सोपा. टाचेने जमिनीत खळगा करायचा, ती गल. लांबवर रेघ मारून तिथून खेळायचं. डाव्या हाताचा अंगठा जमिनीत रोवायचा, मधल्या बोटाच्या टोकाला गोटी धरायची, उजव्या हाताने ते बोट मागे ओढायचं, एक डोळा मिटायचा आणि सोडायचं. गोटी गलीत पडली की समोरच्याच्या गोटीवर नेम धरायची मुभा. नेम लागला की डाव आपला.

पण हरलेल्याची सुटका तेवढ्यावर होत नसे. त्याने आपली गोटी कोपराने ढकलत गलीपर्यंत न्यायची. हात लावायचा नाही. एक ढकल त्याची, एक टोला जिंकणाऱ्याचा. टोला बसला की गोटी पुन्हा लांब. जिंकणाऱ्याने मनात येईल तेव्हा ‘पुरे’ म्हणून उठावं. मात्र टोला चुकला तर डाव उलटा. मग चुकणारा हरला, आणि त्याची गोटी जिथे असेल तिथून कोपर त्याने घालायचं. आणि जो मध्येच ‘नाही जमत’ म्हणून उठेल, त्याच्या वाडीला अख्खा उन्हाळा डोह बंद.

त्या वर्षी वरच्या वाडीकडून खुद्द पाटील खेळायला आला. हे कळल्यावर खालच्या वाडीत एकेका गड्याचा अंगठा दुखायला लागला. एकाचा मुरगळला, एकाला नखुरडं झालं, एकाचा काही न होताच दुखत होता.

तेव्हा एक म्हशीवाली पुढे आली. म्हणाली, “तुम्ही आपापले अंगठे सांभाळा. माझ्या म्हशींना तहान लागते. मी खेळते.”

पाटील हसला. “बाई, शेण थापायचं सोडून इकडे कुठे?”

“शेण थापूनच बोटं बळकट होतात, पाटील. टाका गोटी.”

आता खरं ते सांगते. पाटील कच्चा खेळाडू नव्हता. त्याची गोटी सरळ गलीत गेली, आणि पुढच्या खेपेला म्हशीवालीच्या गोटीवर टण्णकन बसली. म्हशीवाली हरली. चांगली हरली.

तिने पदर खोचला, जमिनीवर पालथी झाली आणि कोपर लावलं.

दोन्ही वाड्यांचा मिळून एक म्हातारा पंच होता. तो म्हणाला, “पाटील, सकाळचं पाणी तुमचं झालं. म्हणा पुरे.”

“थांबा हो बाबा,” पाटील म्हणाला. “बाई आता उठेल. मग सबंध डोहच आपला.”

आणि त्याने टोला मारला. गोटी उताराला लागली. म्हशीवालीने कोपराने ती वर ढकलली. पाटलाने पुन्हा मारला. गोटी आणखी खाली. पाटलाची गोटीही तिच्यामागे खाली. असं करत करत गल इतकी मागे राहिली की दिसेनाशी झाली. म्हशीवालीच्या कोपराची साल गेली, रक्त आलं, त्यात माती भरली.

“उठा की आता,” पाटील म्हणाला. “घरी जाऊन हळद लावा.”

“तुम्ही टोला मारा. हळदीचं मी बघते.”

तिच्या वाडीतली एक बाई रडकुंडीला आली. “ऊठ गं. जाऊ दे ते पाणी.”

“पाणी जाऊ दिलं तर म्हशी काय तुझी आसवं पिऊन जगतील?”

आणि तिने गोटी थोडीशीच ढकलली. वर नाही, बाजूला. तिथे चिखलात उमटून वाळलेला म्हशीच्या खुराचा ठसा होता. गोटी त्यात जाऊन बसली.

पंच वाकून बघून आला. “पाटील, गोटी खोल बसलीय. अजून सांगतो, म्हणा पुरे.”

“पुरे मी कशाला म्हणू? ती म्हणेल.”

पाटलाने बोट ताणलं आणि सोडलं. त्याची गोटी ठशाच्या काठावर आपटली, उडाली आणि पार उताराच्या तळाला जाऊन थांबली.

टोला चुकला. मग पंच म्हणाला, “घाला कोपर.”

“मी पाटील आहे.”

“असाल. गलीला ते ठाऊक नाही.”

पाटलाने आपल्या लोकांकडे पाहिलं. त्याची बायकोच पुढे आली. “उतरवा ते पागोटं आणि पडा पालथे. उठून आलात तर गुरं काय पागोटं चाटतील?”

पाटील पालथा पडला. जेवढं त्याने म्हशीवालीला खाली लोटलं होतं तेवढा आणि वर थोडा, असा सगळा चढ त्याच्यासमोर होता. पहिली ढकल दिली तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की कोपराला कातडी फार पातळ असते.

आता टोला म्हशीवालीचा. तिची वाडी चेकाळली. “हाण बाई. पार दरीत घाल.”

ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “पुरे.”

“अगं, आत्ता तर तुझी पाळी आली.”

“चुकले तर पुन्हा मीच खाली. आपल्याला पाणी पाहिजे. पाटलाची कोपरं घेऊन काय करायची?”

टोले थांबले, पण चढ थोडाच थांबतो? पाटलाला गलीपर्यंत रांगावंच लागलं. गोटी गलीत पडली तेव्हा ऊन कललं होतं.

त्या उन्हाळ्यात सकाळी खालच्या वाडीच्या म्हशी निवळ पाणी प्यायल्या आणि दुपारी वरच्या वाडीची गुरं गढूळ. पाटील बाह्या वर करून आपली गुरं घेऊन यायचा, कारण कापड लागलं की कोपरं झोंबायची.

तेव्हा लक्षात ठेवा: जिंकल्यावर ज्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही, तो दुसऱ्याला जेवढं लांब लोटतो तेवढं एक दिवस स्वतः रांगतो.