लेकीच्या पहिल्या मुठीची कहाणी

कुणीतरी लेकराच्या तोंडचा घास गिळला आहे. नाव मी घेत नाही. ज्याचा घसा आत्ता कोरडा पडला, त्यानं जरा पुढं सरकून बसावं. हातात चार अक्षता घ्याव्यात, मन एका जागी ठेवावं. ऐका सटवाई, तुमची कहाणी.

नगर होतं आटपाट. त्याच्या पेठेत नेमाजीशेट म्हणून कापडाचा व्यापारी होता. बायको सगुणा, लेक आवडी, पाच वर्षांची. नवराबायकोचं पटेना. आज भांडण, उद्या अबोला, परवा वेगळी चूल. मग पंच बसले. रीतीप्रमाणे गवताची काडी आणली, दोघांनी दोन टोकं धरली, मधोमध मोडली. काडीमोड झाला. मग म्हातारा पंच म्हणाला, "नवराबायकोची काडी मोडली. बापलेकीची काडी मोडायची रीत आपल्यात नाही. नेमाजी, लेक हाताशी येईपर्यंत दर महिन्याच्या शुद्ध षष्ठीला तिच्या पोटगीची पायलीभर ज्वारी पोचती करायची." नेमाजी म्हणाला, "बरं."

सगुणा लेकीला घेऊन नदीपल्याड माहेरच्या गावी गेली. आईबाप नव्हते, नुसतं घर होतं. लोकांची दळणं दळी, लोकांची अंगणं सारवी.

पहिल्या षष्ठीला ज्वारी आली. दुसऱ्या षष्ठीला आली. मग एकदा अर्धीच आली. मग एकदा नुसता निरोप आला, "पुढच्या खेपेला दोन्ही मिळून देतो." मग निरोपही येईना. सगुणा पेठेत जाई, दुकानासमोर उभी राही. नेमाजी गिऱ्हाइकाला धोतरजोडी उलगडून दाखवी आणि म्हणे, "बाई, बाजूला उभ्या राहा, उजेड अडतो." असे अठरा महिने गेले.

मग काय झालं? नेमाजीचे दिवस फिरले. नावेतलं कापड बुडालं, वखारीतलं जळालं, उरलंसुरलं कसरीनं खाल्लं. दिवाळं निघालं. त्या नगरात दिवाळ्याची रीत होती. बुडालेल्यानं भर दुपारी दुकानाच्या उंबऱ्यावर दिवा लावायचा, गादी उलटी करायची, पागोटं काढून बाहेर बसायचं. घेणेकऱ्यांनी यायचं, असेल ते वाटून घ्यायचं, "फिटलं" म्हणायचं. शेवटच्यानं दिवा मालवायचा. मग त्या माणसावर कुणाचं काही उरत नसे.

नेमाजीनं दिवा लावला. रंगारी आला, त्यानं गज आणि कात्री नेली. गाडीवान आला, त्यानं घंगाळ नेलं. सावकार आला, त्यानं दुकान नेलं. तिघं म्हणाले, "फिटलं." सावकारानं फुंकर घातली. दिवा विझला. त्याची पाठ फिरली, दिवा लागला. पाणी टाकलं. धूर निघाला, दिवा लागला. राख लोटली, वर ताट पालथं घातलं. ताटाच्या कडेनं उजेड बाहेर आला. तेल तर कधीच संपलं होतं.

सावकार मागं सरला. म्हणाला, "नेमाजी, अजून कुणाचं तरी राहिलंय."

"कुणाचं नाही."

"आठव."

"पोरीची ज्वारी राहिलीय थोडी. पण लेक काय घेणेकरी असते?"

सगळे खाली बघत होते. दिव्यापुढं नेमाजी बसला होता, आणि धुळीत जी सावली पडली होती, ती त्याची नव्हती. दोन हात लांब होती. तिला दोन वेण्या होत्या.

नेमाजीनं नगर सोडलं. मित्राकडं गेला. त्याच्या उंबऱ्यावर दिवा लागला. मित्र म्हणाला, "तू ये रे, पण बरोबर हे काय आणलंस?" बहिणीकडं गेला. बहिणीनं पान वाढलं. नेमाजी बसला, सावली शेजारी बसली. त्यानं घास उचलला, सावलीनं हात पुढं केला. पातेलंभर भात खाल्ला, पोट रिकामंच. मग बहीण हळूच म्हणाली, "दादा, तू उठ रे बाबा. माझी पोरं मागच्या दारी कुणाशी तरी सागरगोटे खेळताहेत, आणि तिथं कुणी नाही." मग देवळात गेला. गुरव म्हणाला, "शेट, देवापुढचा दिवा माझा मी लावतो. तुमचा तुम्ही घेऊन जा."

मग चालता चालता माळ लागला. एका बाभळीखाली शेंदूर फासलेला दगड होता. दगडाला टेकून एक म्हातारी बसली होती. मांडीवर रिकामी झोळी, हातात बोरू. उन्हानं डोळे दिपले, तिचं तोंड काही दिसेना.

"काय लिहिता, आजी?"

"लिहीत नाही. खोडते आहे. सटीच्या रात्री एका पोरीच्या कपाळी ऐंशी वर्षं लिहिली होती. तिचा बाप खोडायला लावतोय."

नेमाजीनं काय ते ओळखलं. तरी बोललाच, "बाप तरी काय करील? त्याचं दिवाळं निघालंय."

म्हातारी हसली. "दिवाळं दुकानाचं निघतं, बाबा. बापपणाचं दिवाळं मी कुणाच्या कपाळी लिहिलेलं नाही. तिची सावली तुझ्याकडं आली. मग आवाज येईल. मग लेक येईल. पण ती चालत नाही यायची."

तोच बाभळीमागून पोरीचा आवाज आला, "आई, ज्वारी संपली गं." नेमाजीनं जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

त्याच घडीला नदीपल्याड आवडी आईशी बोलता बोलता थांबली. ओठ हलले, शब्द नाही. सगुणानं तिला अंगणात आणलं. उन्हं कलली होती. भिंतीची सावली पडली होती, कोंबडीची पडली होती, लेकीची नव्हती.

नेमाजीनं म्हातारीचे पाय धरले. "आजी, वाट सांगा."

"सांगेन. पण तू रडशील, कारणं सांगशील, घेतला वसा टाकशील."

"रडणार नाही, कारणं सांगणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. जे मिळवशील त्यातली पहिली मूठ लेकीची. जेवून उरलेली नव्हे, उरलेलं कुत्र्यालाही टाकतात. मिळकत घटली असेल तर पंचांपुढं जा, खरं सांग, माप कमी करून घे. मुकाट्यानं बंद करू नकोस. षष्ठीला आपल्या पायांनी जा. ओट्यावर ठेव. मागची बाकी आपल्या तोंडानं सांग. आत बोलावलं नाही म्हणून रुसू नकोस."

"आणि याचं उद्यापन कधी?"

"ते तुझ्या हातात नाही."

नेमाजीनं मान वर केली तर म्हातारी नाही. बाभळीच्या शेंगा वाजत होत्या, वारा नव्हता.

मग नेमाजी पंचांपुढं गेला. खरं ते सांगितलं. पंच म्हणाले, "दुकानदाराची पायली होती, हमालाची अर्धी पुरे. यापुढं अर्धी दे." नेमाजी म्हणाला, "आणि मागच्या अठरा पायल्या?" पंच म्हणाले, "त्या कमी होत नाहीत. ती भूक होऊन गेली. ती कमी करणारे आम्ही कोण?"

नेमाजीनं पेठेमागं खोपटं बांधलं. खोपटाच्या उंबऱ्यावरही दिवा होताच. ज्या पेठेत गादीवर बसला, त्याच पेठेत गाठोडी वाहू लागला. लोक म्हणत, "काय शेट, आज गज कुठं विसरलात?" नेमाजी खाली मान घाली. दिवस मावळता मजुरीची ज्वारी पदरी पडे. पहिली मूठ बाजूला बांधी, मग चूल पेटवी.

षष्ठी आली. नदी उतरला, सगुणाच्या ओट्यावर गाठोडं ठेवलं. दाराआडून ती म्हणाली, "किती?"

"या महिन्याची अर्धी पायली. मागच्यातला एक शेर. बाकी बरीच आहे."

"बाकी आहे असं तुमच्या तोंडून आजच ऐकलं," ती म्हणाली, आणि दार लागलं.

नेमाजी परत फिरला. सावली बोटभर आखूड झाली होती. दुसऱ्या षष्ठीला गेला, आणखी बोटभर झाली. तिसऱ्या षष्ठीला गेला, आणखी बोटभर झाली. असं वर्ष लोटलं.

मग एके दिवशी जुना मित्र आला. "नेमाजी, जत्रेला कापड न्यायचं आहे. भागीत ये. या महिन्याचं पोरीचं भांडवलात घाल, पुढच्या महिन्यात तिला चौपट देशील. तिचंच कल्याण आहे, वेड्या!" नेमाजीला पटलं. ज्याला पटवून घ्यायचं असतं, त्याला लवकर पटतं.

षष्ठी आली. नेमाजी गेला नाही. भर दुपारी मित्राच्या ओसरीवर गाठोडी बांधत बसला. समोर सावली बसली होती. मग सावली उठली. नेमाजी बसलेलाच होता. ती दारापर्यंत चालत गेली, बाहेर पाहिलं, परत आली. भिंतीवर पडली नाही, जमिनीवर पडली नाही. त्याच्या शेजारी येऊन टेकली. त्याच्या दंडाला गार वेणी लागली. आणि कानाशी आवाज आला, "बाबा, मी आले."

नेमाजी उठला. गाठोडी तिथंच, मित्र तिथंच. होतं तेवढं धान्य खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला. माळ ओलांडला, नदी ओलांडली, सगुणाच्या दारी आला. आवडी आईच्या मांडीवर पडली होती. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. शेजारची कुंभारीण तिचे तळपाय चोळत होती. नेमाजीनं धान्य ओट्यावर ठेवलं. तोंड उघडलं, "तो मित्र म्हणाला की..." आणि थांबला. वसा आठवला. मग म्हणाला, "उशीर झाला. चूक माझी."

कुंभारीण चोळत राहिली. बऱ्याच वेळानं आवडीची पापणी लवली.

त्यानंतर नेमाजीनं षष्ठी चुकवली नाही. तापात गेला, पुरात गेला, पाय मोडला तेव्हा काठी टेकत गेला. अशी तीन वर्षं सरली. मग एका षष्ठीला अठराव्या पायलीचा शेवटचा शेर ओट्यावर ओतला. दार उघडलं. आवडी आपण होऊन बाहेर आली. दहा वर्षांची झाली होती. तिच्या पुढं तिची सावली पडली, दोन वेण्यांची. तिनं ज्वारी चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला थोडा गूळ आणा. नुसती ज्वारी किती खायची?"

आत जातं थांबलं. चार वर्षांनी लेक बोलली होती, आणि बोलली ती हक्कानं.

नेमाजी खोपटाकडं आला. उंबऱ्यावर नुसतं ऊन होतं. त्यानं भाकरी केली, अर्धीतच पोट भरलं. त्याची स्वतःची सावली परत आली का? ते कहाणीत नाही.

जसं आवडीला तिचं तिला मिळालं, तसं तुमच्या-आमच्या लेकरांना न मागता मिळो, आणि कुणाच्या कपाळीचं खोडायची पाळी सटवाईवर न येवो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली. सुफळ म्हणायला एक उत्तर तेवढं राहिलं, ते ऐका आणि मग उठा.

नगराला नेमाजीचं कौतुक वाटलं. पंचांनी पागोटं बांधलं, ढोल लावले, मिरवत मिरवत नदीपल्याड लेकीच्या दारी आणलं. बायाबापड्या म्हणाल्या, "असा बाप मिळायला पुण्य लागतं हो!" शेजारी कुंभारीण चाकावर बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, चाकही थांबवलं नाही. म्हणाली, "आणि अठरा महिने ती पोर कुणाच्या ताटात जेवली, ते विचारलंत का कुणी?"