आधी दवंडी, मग शंख

एका राज्यात वस्तू घडण्याआधीच तिची दवंडी पिटण्याची रीत होती. राजा वीरकेतूची बोलकी मैना कौलाकौलांवर बसून सांगे, "राजशिल्पी नीलाक्ष दूरदेशीचा आवाज ऐकवणारा शंख घडवत आहेत हो. येत्या वसंतात मिळेल." असे दोन वसंत आले आणि गेले. शंख काही आला नाही. मैनेचे काय जाते, ती दर वर्षी तेच सांगे.

नदीपलीकडे एक मांत्रिकीण असलेच शंख विकत असे. त्यांतून आवाज खरखरत येई, पण येई. नीलाक्षाने एकदा राजाला विचारले, "महाराज, दवंडीची इतकी घाई कशासाठी?"

राजा म्हणाला, "प्रजा एकदा नदी ओलांडून गेली, की तिकडचीच होते. वाट पाहणारा माणूस उठून जात नाही, शिल्पी."

बोलणे बिनतोड होते. नीलाक्ष गप्प बसला, आणि तिथेच चुकला. कारण वाट पाहणाऱ्यांत त्याची आईही होती. लेक चारुमती सात डोंगरांपलीकडे दिलेली. आईचा एक कान गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर होता. त्याआधी लेकीचा आवाज ऐकायचा, एवढीच तिची इच्छा. शेजारीण पलीकडचा शंख आणून द्यायला तयार होती. आई म्हणे, "नको गं. माझा लेक घडवतोय ना."

तिसऱ्या वसंतात शंख पुरा झाला. नीलाक्षाने कानाला लावला. शंख मुका.

मैना खिडकीत येऊन बसली. नेहमीचा तोरा नव्हता. "शिल्पी, हा जलयक्षाचा शंख. न झालेल्या वस्तूची दवंडी पिटली, की तो मुका होतो, असा शाप आहे. वाट पाहणाऱ्या तीन दारांत जाऊन खरे सांग, म्हणजे सुटेल."

"हे आधी का नाही सांगितलेस?"

"मला दवंडीच तेवढी शिकवली होती."

शंख झोळीत टाकून नीलाक्ष निघाला. पहिले दार खलाशाच्या बायकोचे. तिने ऐकून घेतले आणि दार लावले. दुसरे म्हाताऱ्या शिपायाचे. त्याने तीन वर्षांच्या शिव्या एका दमात दिल्या. तिसरे दार आईचे.

"आई, दवंडी पिटली तेव्हा मी शंखाला हातसुद्धा लावला नव्हता. तू उगीच थांबलीस."

आईने त्याला चांगल्या कानाच्या बाजूला बसवले. "ठाऊक होतं रे. पहिली दोन वर्षं तुझ्या बोटांना शंखाची भुकटी कधी लागलेली दिसली नाही."

"मग पलीकडचा का नाही घेतलास?"

"तुझ्या आईनंच दुसऱ्याचा घेतला असता, तर तुला कसं वाटलं असतं?"

नीलाक्षाला रडू फुटले. "मी आजच नदीपलीकडे जातो," तो म्हणाला. "त्या मांत्रिकिणीचाच शंख आणतो तुला."

तोच झोळीतला शंख घुमला.

मैनेने पंख उघडले. "पिटू दवंडी?"

"थांब," नीलाक्ष म्हणाला, आणि त्याने शंख आईच्या कानाला लावला.

आतून चारुमती विचारत होती, "आई, जेवलीस का?"

आई बराच वेळ बोलत राहिली. मैना थांबली.

राजाला हे कळले तेव्हा त्याने घाटावर एक नाव बांधून ठेवली. ज्याला पलीकडे जायचे त्याने जावे. गेलेले बरेचसे परतही आले. आणि तेव्हापासून प्रत्येक दवंडीआधी मैना नीलाक्षाच्या आईच्या दारात उतरे आणि कानाशी जाऊन मोठ्याने विचारी, "आई, तुम्हाला मिळाले का?"

आई हो म्हणाली, की मगच उडे.