गुणवंतानं वाचवलेला गडी

एका बाजाराच्या गावात एक भोळा जावई राहायचा. गुणवंत त्याचं नाव. नाव ठेवणाऱ्यांनी आधी ठेवलं, मग पाहिलं. सांगितलेलं काम तो कधी चुकवायचा नाही. हीच तर सगळी अडचण होती.

सहा ठिकाणची कामं सुटली, तेव्हा त्याच्या बायकोनं, शेवंतानं, त्याला आपल्या भावाच्या कंप्युटरच्या दुकानात लावलं. निघताना म्हणाली, "अहो, इथं तरी टिका. नाहीतर माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ मी?"

"टिकतो," गुणवंत म्हणाला.

भावाचं नाव प्रल्हाद. बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा माणूस, त्याला रागवायचं कसं? प्रल्हाद रागानं लाल व्हायचा आणि तोंडानं "अहो दाजी" म्हणायचा.

एक दिवस दुकानात दोन नवी कार्डं आली. कंप्युटरच्या पोटात बसवायची ती पाटी, पडद्यावरची चित्रं पळवते. महागातली घोड्यासारखी पळवते, स्वस्तातली बैलगाडीसारखी. ही मधल्या भावातली, म्हणजे तट्टू म्हणा. तालुक्याचे हणमंतराव पोरांसाठी गेमची खोली काढणार होते. ते म्हणाले होते, "माझ्यासमोर तासभर गेम चालवा. अडखळला नाही तर दहा कार्डं घेतो."

प्रल्हाद म्हणाला, "दाजी, हणमंतराव येतायत. ही पाटी तापली की चित्रं अडखळतात. गार ठेवायची बरं का." आणि तो टेबल पुसायला गेला.

परत येतो तर एक कार्ड माठात.

"अहो दाजी! हे काय?"

"गार ठेवलंय. हात लावून बघा."

प्रल्हाद लाल झाला. हात जोडून म्हणाला, "दाजी, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. नुसता वारा घालायचा. ध्यानात ठेवा."

"ठेवलं," गुणवंत म्हणाला.

तेवढ्यात हणमंतराव आले. एसटीत दोन तास उभे, वर चैताचं ऊन. घामानं थबथबलेले. प्रल्हाद आत उरलेलं कार्ड बसवत होता.

"जरा पाणी द्या हो," हणमंतराव म्हणाले.

गुणवंतानं त्यांना न्याहाळलं. माणूस चांगलाच तापला होता. त्यानं पुठ्ठा घेतला आणि वारा घालायला लागला.

"अहो, पाणी!"

"थेंब मिळायचा नाही. बिघडाल."

"घसा सुकलाय माझा!"

"सुकाच बरा," गुणवंत म्हणाला आणि पुठ्ठा जोरात हलवला.

प्रल्हाद धावत आला. पाणी दिलं, माफी मागितली, गुणवंताला कोपऱ्यात नेलं. "अहो दाजी, दारात आलेल्याला आधी पाणी. मग चहा. मग चौकशी. पुन्हा चुकू नका."

"नाही चुकत."

मग गेम लावला. पडद्यावर एक गडी बंदूक घेऊन डोंगरातून पळत होता. कोपऱ्यात आकडा होता, साठ. म्हणजे सेकंदाला साठ चित्रं. तो आकडा पडायला नको होता. पन्नास मिनिटं झाली, साठ ते साठच. हणमंतराव खुर्चीत रेलले. त्यांचा डोळा लागला.

प्रल्हादला वाटलं, जिंकलं. गडी भिंतीआड उभा करून तो म्हणाला, "दाजी, मी भजी घेऊन आलो. तुम्ही नुसते बघत बसा. गडी मेला तर तास पहिल्यापासून मोजावा लागेल, मरायला नको. आणि मशीनमधून धूरबीर आला, काही धोका वाटला, तर आधी मेन बटण पाडा."

गुणवंत बसला. पापणीसुद्धा लववेना. चार मिनिटं गेली. पाच गेली. भिंतीपलीकडून एक दाढीवाला कुऱ्हाड घेऊन निघाला.

"अहो, मागं बघा!" गुणवंत ओरडला. गडी काही बघेना. दाढीवाल्यानं कुऱ्हाड उचलली.

धोका वाटला. गुणवंतानं मेन बटण पाडलं.

पडदा काळा. पंखा बंद. हणमंतराव दचकून उठले. भज्यांचा पुडा घेऊन प्रल्हाद दारातच थिजला.

"वाचवला!" गुणवंत म्हणाला. "केसाइतकं अंतर होतं."

प्रल्हादला हसावं की रडावं कळेना. हणमंतराव मात्र भला माणूस. म्हणाले, "कार्ड बरं दिसतंय. उद्या दहाला येतो, पुन्हा तास लावा. चाललं तर घेतो."

त्यांना एसटीवर सोडायला जाताना प्रल्हाद कळवळून म्हणाला, "दाजी, आता हे एकच कार्ड उरलंय. उद्यापर्यंत तुमच्या भरवशावर. याला जपा."

गुणवंतानं मशीन धोतरात गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि घरी आणलं. दाढीवाला अजून दुकानातच असणार, हे त्याला ठाऊक होतं.

"हे काय आणलंत?" शेवंतानं विचारलं.

"पाहुणा आहे आत. सकाळपासून पळतोय बिचारा. आज माझ्यामुळं जगला."

प्रल्हाद घामाघूम होऊन दारात आला. "दाजी! मशीन? कार्ड? दुकानात काहीच नाही!"

"इथं आहे. जपलंय."

प्रल्हाद मटकन उंबऱ्यावर बसला. "देव पावला. काही केलं नाहीत ना त्याला?"

"तुम्ही एकदा सांगितलं की मी विसरतो होय?" गुणवंतानं रिकामा तांब्या खाली ठेवला. मशीनच्या जाळीतून पाणी टपटप गळत होतं. "दोन तांबे प्यायला, तरी पुरे म्हणेना. शेवंता, आता चहा टाक."