गवतात रुतलेला चेंडू

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका राज्यात चेंडू-काठीचा खेळ फार रंगायचा. लाकडी चेंडू वाकड्या काठीने टोलवत माळ ओलांडायचा आणि पलीकडच्या गलीत, म्हणजे जमिनीतल्या खळग्यात, घालायचा. कमी टोल्यांत घालील तो जिंकला. मात्र चेंडू जिथे पडेल तिथूनच मारायचा. हाताने उचलायचा नाही, पायाने सरकवायचा नाही.

त्या राज्यात एक म्हातारे गुरुजी होते. निम्मं राज्य त्यांच्याकडेच हा खेळ शिकलं होतं. एका वर्षी जत्रेच्या सामन्यात त्यांची गाठ पडली त्यांच्याच लाडक्या शिष्याशी.

शेवटी शेवटी दोघांचेही चेंडू कमरेएवढ्या गवतात गेले. गुरुजींनी टोला हाणला, पण गवताने काठीला विळखा घातला आणि चेंडू वीतभरच हलला. पुढच्या टोल्याला तो कसाबसा मोकळ्यावर आला.

शिष्य दुसऱ्या बाजूने गवतात शिरला. त्याचा चेंडू गवताच्या एका दाट ठोंबात रुतला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. पायाच्या अंगठ्याने चेंडू हळूच उघड्या जागी सरकवून त्याने टोला मारला. चेंडू उंच उडाला आणि गलीच्या काठाशी जाऊन थांबला. माळावर एकच जल्लोष झाला. शिष्य जिंकला. पंचांनी त्याच्या खांद्यावर मानाचा शेला घातला.

गुरुजी धापा टाकत आले. त्यांचे डोळे भरून आले होते. “बाळा, माझा जन्म या खेळात गेला. पण असल्या गवतातून एका टोल्यात चेंडू काढणं मला कधी साधलं नाही. मला शिकव.”

“नशिबाने लागला, गुरुजी.”

“असा टोला नशिबाने लागत नाही. चल, दाखव.”

हाताला धरून त्यांनी त्याला गवतात नेलं. मागोमाग सगळे गेले. गुरुजींनी चेंडू तसल्याच एका दाट ठोंबात ठेवला आणि नवख्या शिष्यासारखे ते गुडघे टेकून बाजूला बसले.

त्याने टोला मारला. काठी अडकली. पुन्हा मारला. चेंडू आणखी खोल गेला.

“सावकाश मार. दमलायस तू,” गुरुजी मायेने म्हणाले.

त्यांच्या मनात तिळाएवढा संशय नव्हता, आणि तेच शिष्याला सोसेना. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं. कानशिलं तापली. मान वर होईना.

“उठा, गुरुजी,” तो कसाबसा बोलला. “माझ्यापुढे असं बसू नका. मी चेंडू पायाने सरकवला होता.”

गुरुजी उठले, त्यांनी धोतराची माती झटकली. “म्हणजे मला शिकण्यासारखं काही नव्हतंच,” एवढंच बोलून ते घरी गेले.

शिष्याने शेला पंचांच्या हाती परत दिला. पुढेही तो खेळत राहिला, प्रामाणिकपणे खेळला. पण त्याचा चेंडू गवतात गेला, की कोणी न सांगता एक जण मुकाट्याने त्याच्यामागे जाऊन उभा राहायचा. आणि त्याला, उभं राहू नकोस, असं म्हणायचं तोंड शिष्याला उरलं नव्हतं.

तात्पर्य: अडचणीत सापडल्याची लाज वाटू नये, लबाडीने सुटल्याची वाटावी.