ट्रकचा मुजरा

"गुढीपाडव्यापर्यंत या ट्रकनं आम्हाला मुजरा केला तर ठीक. नाहीतर घाला भंगारात!"

आंबेखिंडीच्या सरकारांनी हुकूम सोडला आणि ते जेवायला निघून गेले. त्यांचं राज्य विलीन होऊन वीस वर्षं झाली होती, पण मुजऱ्याचा सोस काही विलीन झाला नव्हता. त्यांचा घोडा पुढचा पाय दुमडून मुजरा करायचा. पोपटसुद्धा मान लववायचा, मग त्याला मिरची मिळायची. राहिला होता तो हा एक जुना ट्रक. बिननाकाचा, पुढून भिंतीसारखा सपाट, आणि इंजिन थेट केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून. दसऱ्याच्या पूजेला सगळे वाकले, तेव्हा भगवंतराव कारभारी हळूच म्हणाले होते, "सरकार, हा बघा कसा छाती काढून उभा आहे." झालं, सरकारांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

हुकूम ऐकून नारू मिस्त्रीनं हातातली भाकरी खाली ठेवली. तीस वर्षं त्यानं हा ट्रक जिवंत ठेवला होता. त्या तापलेल्या केबिनमध्ये दुमडून बसायचं, इंजिनावरचं झाकण काढायचं आणि आत हात घालायचा. आता पाठ सरळ होत नव्हती, तरी ट्रकवरची माया तसूभर कमी नव्हती.

"शेवंते, जीव तुटतोय गं," तो लेकीला म्हणाला. "लोखंड कुठं वाकून मुजरा करतंय व्हय?"

शेवंता बापाच्याच हाताखाली वेल्डिंग शिकलेली. ती थोडा वेळ ट्रकभोवती फिरली, खाली वाकून पाहिलं आणि हसायला लागली. "आबा, आजवर तुमी त्याच्यापुढं वाकलासा. आता त्याला वाकवूया की."

ती तडक सरकारांपुढे जाऊन उभी राहिली. "सरकार, ट्रक मुजरा करंल. पर त्याच्या अंगाला कापाकापी करायची परवानगी पायजे."

"भंगारात जायचाच आहे, काप हवा तेवढा," सरकार म्हणाले.

भगवंतरावांना एवढ्या सहज सुटका नको होती. "नुसतं वाकणं म्हणजे मुजरा नव्हे हं, पोरी. हात कपाळाला लागला पाहिजे. तीन वेळा!"

"लावंल की. आन् केला मुजरा तर?"

"तर ट्रक तुझ्या बापाचा," सरकार मिशीत हसून म्हणाले. ट्रकला हात नसतो हे त्यांनाही ठाऊक होतं.

दीड महिना बापलेकींचं घर ठोकाठोकीनं दणाणत होतं. शेवंतानं गंज खरवडला, पोचे काढले, फुटक्या दिव्यांच्या जागी नवे दिवे बसवले. पेंटरनं मोरपंखी रंग दिला आणि कडेनं वेलबुट्टी काढली. मग तिनं खरं काम काढलं. चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, घट्ट बसलेली केबिन तिनं सोडवली. पुढच्या बाजूला मनगटाएवढ्या दोन बिजागऱ्या लावल्या. स्टेअरिंगचा दांडा मधे सुटा होईल असा केला. मागं हातानं दाबायचा जॅक बसवला. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय करतीयास गं?" ती म्हणायची, "रीतभात शिकवतीया."

पाडव्याला सरकारांनी आजूबाजूचे जहागीरदार बोलावले. फजितीला प्रेक्षक हवेतच. ट्रक समोर आणून उभा केला, नारू मिस्त्री मागं जॅकपाशी गेला.

"थांबा!" भगवंतराव पुढे झाले. "आत माणूस लपवला असेल. मी स्वतः आत बसतो."

"कारभारीसाहेब, आत कुणीच बसू नये," शेवंता मनापासून म्हणाली. "केबिन आधी रिकामी करायची असती."

"बघा, घाबरली!" म्हणत भगवंतराव चढले आणि ऐटीत ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

शेवंतानं बापाकडं पाहिलं. नारूनं सावकाश जॅक दाबायला सुरुवात केली. केबिनची मागची बाजू वर उठली आणि सपाट तोंडाचा तो ट्रक सरकारांपुढे हळूहळू वाकू लागला. आत भगवंतराव आधी सीटवरून घसरले, मग स्टेअरिंगला लटकले, मग त्यांचं नाक काचेला चपटं झालं. तेवढ्यात शेवंतानं बाहेरून खटका दाबला आणि काचेवरचा वायपर हातासारखा उठला. खालून कपाळापर्यंत एकदा. दोनदा. तीनदा! आणि प्रत्येक वेळी आतून भगवंतरावांचे डोळे त्याच्याबरोबर खालीवर.

जहागीरदारांनी टाळ्या पिटल्या. सरकारांना हसू फुटत होतं, पण ट्रक हातचा जाणार म्हटल्यावर त्यांनी ते गिळलं. ट्रकला वळसा घालून ते बाजूला आले. केबिन पुढे कलली होती आणि मागं सगळं इंजिन उघडं पडलं होतं, एकेक नळी दिसत होती.

"हा कसला मुजरा?" सरकार गरजले. "पुढून वाकतो आणि मागून पोट उघडं टाकतो? आमच्या दरबारात असा मुजरा आजवर कुणी केलेला नाही."

नारू मिस्त्रीनं ट्रकच्या अंगावर हात ठेवला. त्याला वाटलं, गेला ट्रक.

शेवंतानं मान खाली घातली, पण आवाज खाली घातला नाही. "खरं हाय, सरकार. तुमच्यापुढं वाकणारं लई हाईत. वाकल्यावर पोटात काय हाय ते उघडं करून दावणारा ह्यो एकटाच."

सरकार असे हसले की फेटा सुटून खांद्यावर आला.

"नारू, ट्रक तुझा! आणि शेवंते, आमचा हत्तीखाना रिकामाच पडलाय. तो आजपासून तुझा कारखाना. आणखी काही?"

"कारभारीसाहेबांना उतरवू का, सरकार?"

सरकारांनी काचेला चिकटलेल्या भगवंतरावांकडे निरखून पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाले, "राहू दे जरा. यांचंही पोट उघडायला कुठं बिजागरी बसवता येईल, तेवढं आधी बघून ठेव."